बाबा, हे सगळे प्रेसिडेंट विकून टाक ना

न्यू जर्सीतल्या एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय, ते थोडक्यात असं.

हे मूळचे साताऱ्याकडचे, २००१ पासून अमेरिकेत, नोकरी आयटीतली. २००७ च्या फेब्रुवारीत मुलगी झाली आणि त्याच महिन्यात तिथे प्रेसिडेन्शियल डॉलर नाणी सुरू झाली, पहिलं नाणं जॉर्ज वॉशिंग्टनचं. असा योग जुळून आला म्हणून यांनी ठरवलं की दरवर्षी मुलीच्या नावाने त्या वर्षीच्या प्रेसिडेंटांचा एक प्रूफ सेट घ्यायचा. २०१६ पर्यंत दहा सेट झाले, मध्ये पाच सिल्व्हर प्रूफ सेट झाले, काही वार्षिक, म्हणजे त्या वर्षीच्या सगळ्या नाण्यांचे, प्रूफ सेट झाले, आणि मग टीव्हीवरच्या एका विक्रेत्याकडून 'पीआर ७०' ग्रेडची, प्लास्टिकच्या सीलबंद डबीतली वीस नाणी, एकेक साठ डॉलरला. सगळा खर्च दोन हजार डॉलरच्या आसपास. २०१४ मध्ये हे अमेरिकेचे नागरिक झाले हेही पत्रात एका ओळीत येऊन जातं. आता मुलगी कॉलेजला गेलीय, फी भरताना ओढाताण होतेय म्हणून यांनी नाणी एका दुकानात नेऊन दाखवली. दुकानदाराने दहा सेटचे मिळून शंभरेक डॉलर सांगितले, आणि साठ डॉलरच्या नाण्याला दहा. बायको म्हणाली, "मी तेव्हाच सांगत होते." मुलगी म्हणाली, "विकून टाक ना बाबा, मला नकोयत ते, अँड्र्यू जॅक्सनने नेटिव्ह लोकांना घरादारातून हाकललं, यातल्या निम्म्या लोकांकडे गुलाम होते, यांचे चेहरे कशाला जपायचे आपण?" आता यांचा प्रश्न असा की विकून टाकावं, की ग्रेडिंग (म्हणजे कंपनीकडून नाण्याच्या दर्जाचा आकडा) करून घेऊन किंमत वाढवावी, की ठेवून द्यावं, आणि ठेवलं तर माजी प्रेसिडेंट जिमी कार्टर यांचं नाणं येऊन सेट पूर्ण व्हायची वाट बघावी का. शेवटी लिहितात, "मुलीसाठी दहा वर्षं केलं त्याची तिला काडीची किंमत नाही, हे कसं पचवायचं?"

नमस्कार,

तुमच्या पत्रातले बहुतेक प्रश्न पैशांचे आहेत पण पत्र ज्या वाक्यावर संपतं ते पैशांचं नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेलच. तरी आधी पैशांचं उरकून घेऊ, कारण ते ऐकायला कडू असलं तरी सोपं आहे.

दुकानदाराने तुम्हाला फसवलं असं तुमच्या पत्रातून जाणवतं. मला तसं वाटत नाही. 'प्रूफ' म्हटलं की आपल्याला वाटतं काहीतरी मोजकं, दुर्मिळ असणार. तर प्रूफ ही नाणं पाडण्याची एक पद्धत आहे, एवढंच. चकत्या आधी घासूनपुसून चकचकीत करतात, ठसेही पॉलिश केलेले, आणि प्रत्येक नाण्यावर निदान दोनदा ठोका बसतो, म्हणून चेहऱ्यामागचा सपाट भाग आरशासारखा आणि चेहरा दुधाळ पांढरट दिसतो. दिसतं सुंदरच, त्यात वाद नाही, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत असे वॉशिंग्टन किती पाडले माहितीये का, जवळजवळ ४० लाख! कारण तेच नाणं तीन ठिकाणी विकलं गेलं, चार प्रेसिडेंटांच्या छोट्या सेटमध्ये, वार्षिक प्रूफ सेटमध्ये आणि सिल्व्हर प्रूफ सेटमध्ये. तुमच्याकडे तिन्ही प्रकार आहेत म्हणजे काही काही प्रेसिडेंट तुमच्याच कपाटात दोन-दोन, तीन-तीन बसलेत, एकदा काढून बघा. आणि ज्यांनी घेतले त्या सगळ्यांनी तुमच्यासारखेच बॉक्ससकट, सर्टिफिकेटसकट जपून ठेवलेत, एकही हरवला नाही, फुटला नाही, झिजला नाही. मग भाव वाढायला टंचाई येणार कुठून?

बरं धातूचं म्हणाल तर तेही नाही. सोनेरी दिसतं पण त्यात सोनं नाही, ८.१ ग्रॅमचं नाणं, त्यात ८८.५ टक्के तांबं, बाकी जस्त, मँगनीज आणि थोडं निकेल. आणि इथे एक गैरसमज मी बऱ्याच जणांचा बघितलाय, सिल्व्हर प्रूफ सेट घेतला म्हणजे त्यातले डॉलरही चांदीचे. नाही हो. त्या सेटमध्ये चांदीचे असतात ते डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि हाफ डॉलर, प्रेसिडेंटवाला डॉलर तोच तांब्याचा.

पण यातच तुमची थोडी चांगली बातमी पण आहे. तुमच्या पाच सिल्व्हर सेटचा तुम्ही पत्रात फक्त उल्लेख केलाय, दुकानदाराने त्याचं काय सांगितलं ते लिहिलंच नाही, की दाखवलेच नाहीत? त्या काळातल्या बहुतेक वर्षांच्या सिल्व्हर सेटमध्ये ९० टक्के चांदीची सात नाणी आहेत, पाच क्वार्टर, एक हाफ, एक डाइम, आणि त्यात मिळून शुद्ध चांदी साधारण १.३४ ट्रॉय औंस बसते, म्हणजे ४१-४२ ग्रॅम. २००९ च्या सेटमध्ये एक क्वार्टर जास्त आहे म्हणून थोडी जास्त. त्या दिवशीचा चांदीचा भाव फोनवर बघायचा, गुणाकार करायचा, आणि त्याच्या खाली कोणी किंमत सांगितली तर नमस्कार करून बाहेर पडायचं. फीसाठी खरंच पैसे हवे असतील तर तुमच्या सगळ्या जमवाजमवीत विकायची वस्तू ही एवढीच आहे, असं माझं मत. आणि ते पाच सेट विकताना वाईट वाटायचं कारण नाही कारण त्यातले प्रेसिडेंट तुमच्या छोट्या सेटमध्ये आहेतच.

दहा छोट्या सेटचं बघा. टांकसाळीत एकेकाची किंमत पंधरा-वीस डॉलर होती, म्हणजे दहांचे मिळून पावणेदोनशे-दोनशे. ते आता शंभराला जातायत. म्हणजे तुमचं नुकसान किती, तर दहा वर्षांत मिळून शंभर डॉलर, वर्षाला दहा! अहो एका कुटुंबाचं एका वेळचं पिझ्झाचं बिल याहून जास्त होतं आणि त्याचं कोणी पत्र लिहीत नाही. हौसेला मोल नसतं असं आपल्याकडे म्हणतात, तुमच्या हौसेला तर अर्धं परतही मिळतंय. विकणार असाल तर एक करा, २०१२ चा सेट वेगळा विचारा. त्या वर्षीचे सेट इतरांपेक्षा कमी खपले होते, त्यामुळे त्याला जास्त भाव असतो, दुकानदाराने दहाही एकाच दराने धरले असतील तर तेवढं बोलून बघायला हरकत नाही. दुकानदार जो भाव देतो तो घाऊक असतो, त्याला पुढे विकून दुकानाचं भाडं काढायचंय. तुम्हाला गिऱ्हाइकाचा भाव बघायचा असेल तर ईबेवर 'विकले गेले' असं फिल्टर लावून बघा, लोक मागतायत त्या किमती बघू नका, मागायला काय, कोणीही हजार मागतं.

खरं दुखणं त्या वीस डब्यांचं आहे. दोन हजारातले बाराशे तिथे गेलेत. हे तुम्ही पत्रात 'आणि मग' करून मध्येच टाकलंय, पण आकडा बघा ना, अर्ध्याहून जास्त खर्च त्या एका गोष्टीवर, आणि तो काही मुलीच्या वाढदिवसाचा नव्हता. तो टीव्हीसमोर बसून, 'फक्त आजच' ऐकून झालेला खर्च आहे. ग्रेडिंगचा सत्तराचा आकडा म्हणजे भिंगातून बघूनही दोष नाही असं नाणं, मान्य, पण आजची टांकसाळ मशीनवर इतकं नीट काम करते की सत्तर आणि एकोणसत्तरवाली नाणी ढिगाने असतात आणि तुमच्या-माझ्या डोळ्यांना त्यातला फरक दिसतही नाही. वर त्या डबीवर 'फर्स्ट स्ट्राइक' वगैरे लेबल असतं, वाचून वाटतं साच्यातून निघालेलं पहिलंवहिलं नाणं. तसं काही नसतं, नाणं विक्रीला आल्यापासून पहिल्या तीस दिवसांत ग्रेडिंगवाल्यांकडे पोचलं, एवढाच त्याचा अर्थ. विक्रेत्याने खोटं काही सांगितलं नसेल, पण जे सांगितलं त्यातून तुम्ही जे ऐकलंत ते त्याला हवंच होतं.

म्हणून ग्रेडिंगच्या प्रश्नाचं उत्तर सरळ नाही असं आहे. पीसीजीएस, एनजीसी या नावाजलेल्याच कंपन्या आहेत, पण एका नाण्यामागे वीसेक डॉलर फी, वर जाता-येताचं पोस्टेज, विमा, आणि हातात येणार दहा-पंधराची वस्तू, हा कुठला हिशोब? ग्रेडिंग करावं ते ज्या नाण्याची किंमत मुळातच शेकड्यात आहे त्याचं. तुम्ही ट्रुमनचा २०१५ चा तो 'कॉइन अँड क्रॉनिकल्स' सेट घेतला असता, ज्यात रिव्हर्स प्रूफ होतं, म्हणजे चेहरा चकचकीत आणि त्यामागचा सपाट भाग दुधाळ, तर गोष्ट वेगळी होती. तो फक्त १७,००० काढला होता आणि काही मिनिटांत संपला. पण तुमच्या यादीत तो दिसत नाही, आणि आता त्याच्या मागे लागू नका प्लीज.

त्या वीस डब्या विका किंवा ठेवा, काही फरक पडत नाही. मी असते तर दहा-दहा डॉलरला वीसही देऊन दोनशे घेतले असते आणि विषय संपवला असता, कारण त्या दिसल्या की तुम्हाला दर वेळी बाराशे आठवणार. आणि बायकोपुढे एवढंच कबूल करा की तुझा मुद्दा या वीस डब्यांपुरता बरोबर होता. सगळ्यापुरता नाही, पण एवढ्यापुरता शंभर टक्के. माझा अंदाज आहे की तेवढ्याने घरातलं अर्धं तापमान खाली येईल.

आता मुलीचं.

तुम्ही लिहिता, मुलीसाठी केलं. मला विचाराल तर हे वाक्यच तपासून बघायला हवं. पहिला सेट आला तेव्हा ती तान्ही होती, शेवटचा आला तेव्हा नऊ वर्षांची. तिने कधी मागितला होता? तिला कधी तो बॉक्स उघडून दिलात? पत्रात तुम्हीच लिहिलंय की 'बोटांचे ठसे उमटतात म्हणून कधी हातात दिला नाही'. बरोबरच केलंत नाण्यांच्या दृष्टीने, प्रूफला हात लागला की खराब होतंच. पण मग जी वस्तू तिने कधी हातात धरली नाही, जी तिच्या नावाने कपाटात होती पण कपाट तुमचं होतं, ती अठराव्या वर्षी तिला आपली वाटावी ही अपेक्षा जरा जास्तच नाही का? तिने किंमत ठेवली नाही असं तुम्ही म्हणता, मला दिसतंय की तिला ती वस्तू माहीतच नाही.

आणि तुमच्याकडे ही नाणी नक्की कोणासाठी होती, याचं उत्तर त्या नागरिकत्वाच्या एका ओळीत आहे, जी तुम्ही अशीच लिहून पुढे गेलात. २००७ ते २०१६. नवीन देश, लहान मूल, ग्रीन कार्डची वाट, मग नागरिकत्वाची परीक्षा, शंभर प्रश्नांची तेव्हाची यादी, त्यातले दहा विचारणार आणि सहा यायला हवेत. पहिल्या महायुद्धात प्रेसिडेंट कोण होता, मंदीत आणि दुसऱ्या महायुद्धात कोण होता, आयझेनहॉवर आधी कुठल्या युद्धात जनरल होता, हे सगळं तुम्ही पाठ केलं असणार. टपालाने वर्षाला चार-चार प्रेसिडेंट घरी येत होते आणि तुम्ही ज्या देशात राहायचं ठरवलंत त्याची ओळख करून घेत होतात. विल्सनचं नाणं २०१३ चं, फ्रँकलिन रूझवेल्टचं २०१४ चं, म्हणजे अगदी तुमच्या परीक्षेच्या तोंडावर. हा छंद तुमचा होता. चांगला छंद होता. त्याला 'मुलीसाठी' आणि नंतर 'गुंतवणूक' अशी दोन लेबलं लावायची तुम्हाला का गरज वाटली याचा विचार करा, कदाचित स्वतःसाठी दीडशे-दोनशे डॉलर खर्च केले असं म्हणायची आपल्या घरांमध्ये पद्धतच नाही म्हणून असेल. पुरुषांनीही गुपचूप करायचं आणि बायकांनीही. हे सगळं तुमच्या पत्रातून मी लावलेलं आहे, चुकत असेन तर सोडून द्या.

मुलीच्या दुसऱ्या मुद्द्याकडे मात्र तुम्ही पार दुर्लक्ष केलंय, 'आजकालची मुलं' म्हणून एका फटक्यात उडवून लावलंय. तिचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. थोडं दुरुस्त करावं लागेल, निम्मे नाही, बारा प्रेसिडेंट असे होते की ज्यांनी आयुष्यात कधी ना कधी गुलाम बाळगले, आणि त्यातले आठ तर पदावर असतानाही. जॅक्सनबद्दल ती बोलली ते खरंच आहे, १८३० चा इंडियन रिमूव्हल अॅक्ट त्याचाच. पण तिला हेही दाखवा की चेरोकी या नेटिव्ह जमातीला प्रत्यक्षात हाकललं ते १८३८ मध्ये, तेव्हा प्रेसिडेंट होता मार्टिन व्हॅन ब्यूरेन, आणि हा व्हॅन ब्यूरेन जॅक्सनच्या शेजारीच बसलाय, त्याच २००८ च्या सेटमध्ये, एकाच प्लास्टिकच्या चौकटीत. त्याच चौकटीत जॉन क्विन्सी अॅडम्सही आहे, जो प्रेसिडेंटपद गेल्यावर खासदार म्हणून परत आला आणि वर्षानुवर्षं गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांसाठी सभागृहात भांडत राहिला. चार नाण्यांत एवढं सगळं आहे, आणि ते तुम्ही अठरा वर्षं बंद ठेवलंय.

तुम्ही दोघंही एक गोष्ट धरून चाललात, की नाण्यावर चेहरा म्हणजे सन्मान. या मालिकेपुरतं तरी ते तितकंसं खरं नाही. २००५ च्या ज्या कायद्याने ही नाणी आली त्यात चांगला-वाईट असं काही बघितलेलंच नाही, ज्या क्रमाने पदावर आले त्या क्रमाने वर्षाला चार. हा शाळेतला हजेरीपट आहे, गुणवत्ता यादी नाही. म्हणून तर विल्यम हेन्री हॅरिसन, जो पदावर जेमतेम ३१ दिवस होता, त्याचंही नाणं आहे. ग्रोव्हर क्लीव्हलँड मध्ये एक टर्म सोडून परत आला म्हणून २०१२ मध्ये त्याची दोन निघाली. राजीनामा द्यावा लागलेला निक्सन आहे. आणि ज्याच्या डोळ्यांदेखत देश फुटला तो ब्युकॅनन २०१० मध्ये लिंकनच्या अगदी लगतचा. मुलगी विचारते यांचे चेहरे कशाला जपायचे, तर हेही एक उत्तर असू शकतं की सगळ्यांचे एकत्र आहेत म्हणूनच. तिला ते पटेल असं नाही, आणि पटलंच पाहिजे असंही नाही.

तिला आवडेल अशी आणखी एक गंमत सांगते. १७९२ मध्ये टांकसाळीचा कायदा होत होता तेव्हा सिनेटने सुचवलं होतं की नाण्यावर प्रेसिडेंटचा चेहरा टाकू. खालच्या सभागृहात लोक भडकले, म्हणाले हे राजेशाहीसारखं झालं, आपण राजाला घालवलं ते काय यासाठी? म्हणून मग चेहरा स्वातंत्र्यदेवतेचा आला. पुढे शंभराहून जास्त वर्षं रोजच्या नाण्यांवर एकही प्रेसिडेंट नव्हता, पहिला आला तो १९०९ मध्ये, लिंकन, एक सेंटवर. म्हणजे 'यांचे चेहरे कशाला' हा प्रश्न तुमच्या मुलीने नव्याने काढलेला नाही, तो त्या देशाइतकाच जुना आहे आणि तो आधी विचारणारे लोक तुमच्या पहिल्याच सेटमधल्या पिढीचे होते. तिला हे सांगताना फक्त 'बघ, तुला काय माहिती' असा सूर लावू नका. अठरा वर्षांच्या मुलीला आपला बाप हरलाय असं दाखवायचं नसतं, तिला फक्त त्याने ऐकलंय एवढं कळलं तरी खूप असतं.

अजून एक. तुमच्या वार्षिक प्रूफ सेटमध्ये प्रेसिडेंटांबरोबर अजून एक सोनेरी डॉलर आहे, त्याचा तुम्ही पत्रात साधा उल्लेखही केलेला नाही. त्याच्या पुढच्या बाजूला साकागाविया ही नेटिव्ह स्त्री आणि तिचं पाठीवरचं बाळ, आणि २००९ पासून त्याची मागची बाजू दरवर्षी बदलते, नेटिव्ह अमेरिकन लोकांच्या इतिहासातली एकेक गोष्ट. २००९ ला शेतात पेरणी करणारी बाई, मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावायची त्यांची पद्धत. २०१५ ला उंच लोखंडी तुळयांवर काम करणारे मोहॉक जमातीचे कामगार. २०१६ ला दोन्ही महायुद्धांतले कोड टॉकर्स, म्हणजे आपल्या भाषेतून गुप्त निरोप पाठवणारे नेटिव्ह सैनिक. त्याच आकाराचं, त्याच धातूचं, त्याच टांकसाळीचं नाणं. जॅक्सनवाला २००८ चा सेट आणि हा २००९ चा डॉलर तिच्यासमोर शेजारी शेजारी ठेवा आणि गप्प बसा, तिला काय वाटतं ते तिला बोलू दे. तिने विकत घ्यायला सांगितलेलं नाही, तुम्ही घेतलंय, आणि तिच्या प्रश्नाशी बोलणारी वस्तू तुमच्याच घरात होती आणि तुम्हालाच माहीत नव्हती. नाण्यांबरोबर आलेली छापील कार्डं वाचली होतीत का कधी, खरं सांगा.

मग करायचं काय? विकायचे असतील तर सिल्व्हर सेट विका, डब्या काढून टाका. उरलेले दहा छोटे सेट माझ्या मते ठेवा, पण तुमचे म्हणून ठेवा, मुलीच्या नावाची चिठ्ठी काढून टाका. तिला ओझं नको आणि तुम्हाला उपकार नकोत. ती तीस-पस्तीसची झाल्यावर मागेल किंवा नाही मागणार. अगदीच नको झाले तर तिथल्या एखाद्या मिडल स्कूलच्या सोशल स्टडीजच्या शिक्षकांना विचारा, त्यांना वर्गात दाखवायला असं काही हवंच असतं, आणि शंभर डॉलरपेक्षा ते जास्त कामी येईल. बँकेत नेऊन मात्र भरू नका, एकाचा एकच डॉलर मिळेल! हसू नका, लोकांनी केलंय असं, प्रूफचं नाही पण साध्या नाण्यांचं. टांकसाळ ही नाणी दर्शनी किमतीत आणि टपालखर्च न घेता घरपोच द्यायची, तर मंडळींनी क्रेडिट कार्डावर हजारोंनी मागवली, खोके थेट बँकेत नेऊन भरले आणि विमानाचे माइल्स कमावले. शेवटी २०११ मध्ये टांकसाळीला त्यासाठी कार्ड घेणं बंद करावं लागलं. त्याच वर्षाच्या शेवटी सरकारने ठरवलं की आता चलनासाठी ही नाणी पाडायचीच नाहीत, कारण कोणी वापरत नव्हतं आणि १४० कोटींहून जास्त डॉलर नाणी फेडरल रिझर्व्ह या तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या तिजोऱ्यांत नुसती पडून होती. २०१२ पासून पुढचे प्रेसिडेंट फक्त संग्राहकांसाठी. म्हणजे तुमच्यासारख्यांनी घेतली नसती तर ट्रुमन, केनेडी, रेगन यांची नाणी निघून करायची काय होती, असाही विचार करून बघा!

ठेवणार असाल आणि बेसमेंटमध्ये असतील तर वर आणा. न्यू जर्सीच्या बेसमेंटला ओल असते आणि हा मँगनीजवाला धातू लवकर डागाळतो, प्लास्टिकच्या आतही धुरकट होतो. कोरडी जागा, बॉक्समध्ये सिलिका जेलची पुडी, वर्षातून एकदा बदलायची. चौकट उघडायची नाही. आणि डाग पडलाच तर चिंच, लिंबू, पितांबरी यातलं काहीही लावायचं नाही, घरात कोणी उत्साही पाहुणे आले तरी नाही, पुसलेलं प्रूफ नाणं जाणकार हातातही घेत नाही.

असंच पत्र भारतातूनही येतं म्हणून तिकडच्या वाचकांसाठी थोडं. आपल्याकडेही मुंबईच्या आणि कोलकात्याच्या टांकसाळीतून नेत्यांच्या नाण्यांचे प्रूफ सेट निघतात आणि घेणारे हौसेने घेतात, उत्तम. पण बाबासाहेबांचं १९९० चं एक रुपयाचं नाणं किंवा १९६४ चं नेहरूंचं नाणं लाखांत जातं अशा जाहिराती फोनवर येतात त्यावर विश्वास ठेवू नका, ती चलनात भरपूर फिरलेली नाणी आहेत. आधी 'रजिस्ट्रेशन फी' मग 'टॅक्स' असं करत तुमच्याकडूनच पैसे काढायचा धंदा आहे तो. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून हे चालतं म्हणून बँकेने २०२१ मध्ये जाहीर सूचनाही काढली होती की आम्ही असलं काही करत नाही, आमच्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

राहिला कार्टर यांचा प्रश्न. कायदा असा होता की हयात माजी प्रेसिडेंटचं नाणं नाही आणि निधनानंतरही दोन वर्षं नाही. २०१६ मध्ये कार्टर हयात होते, म्हणून फोर्डनंतर थेट रेगन आला आणि तुमचा सेट ३९ नाण्यांवर थांबला, मालिकाही तिथेच संपली. थोरले बुश २०१८ मध्ये गेले, त्यांच्यासाठी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, वेगळा कायदा करावा लागला आणि त्यांचा डॉलर २०२० च्या डिसेंबरमध्ये आला, चाळिसावा. कार्टर २९ डिसेंबर २०२४ ला गेले, म्हणजे दोन वर्षं २०२६ च्या शेवटी होतात, पण मुदत झाली म्हणून नाणं आपोआप येत नाही, त्यांच्यासाठीही तसाच स्वतंत्र कायदा लागेल. आणि पुढेही कोणी ना कोणी माजी प्रेसिडेंट हयात असणारच, त्यामुळे 'पूर्ण सेट' ही गोष्ट तुमच्याच काय, टांकसाळीच्याही हातात नाही. त्याची वाट बघत विक्रीचा निर्णय लांबवू नका. नाणं आलंच तर टांकसाळीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून एक घ्या, आणि त्याच्या आधी टीव्हीवर कोणी बुकिंगचे पैसे मागायला लागलं तर चॅनल बदला.